माळ तापकीर गल्लीतली, तेल इंडोनेशियाचं

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तापकीर गल्लीत गेलो होतो, लाइटच्या माळा आणायला. पुण्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, बुधवार पेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाची ही गल्ली आहे आणि दिवाळीच्या आठवड्यात तिथे आपण चालत नाही, मागचा ढकलेल तसं पुढे सरकतो. यंदा एका दुकानावर नवी कोरी पाटी दिसली, ‘येथे स्वदेशी माल मिळेल’. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दुकानदारांना अशा पाट्या लावा म्हणून सांगितलं होतं, त्याचा परिणाम असावा. म्हणलं बघू तरी.

दुकानदाराने दोन माळा काउंटरवर टाकल्या, एक ८० रुपयांची, एक २२० ची. २२० वाली स्वदेशी. मी जरा खाजवून विचारलं की हिच्यात स्वदेशी नक्की काय काय आहे, तर तो बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, ‘वायर आपली, प्लग आपला, खोकं आपलं, जोडलीय भिवंडीत.’ म्हणलं आणि दिवे? ‘दिवे कुठनं येणार साहेब, तिकडनंच.’ मागे रांग लागलेली, बायको घड्याळ बघत होती, मी ८० वाल्या तीन घेतल्या आणि निघालो. घरी येऊन मोबाइल उघडला तर फॅमिली ग्रुपवर मेसेज येऊन पडलेला, चिनी माळ घेणारा प्रत्येक जण सीमेवरच्या जवानाच्या पाठीत सुरा खुपसतो वगैरे वगैरे, खाली तिरंगा आणि हात जोडलेले इमोजी. पाठवणारे आमचे एक काका, ज्या फोनवरून पाठवला तो चिनी कंपनीचा. मी काहीच बोललो नाही, दिवाळी तोंडावर होती.

पण ते डोक्यातून जाईना. कारण हा मेसेज मी २०२० पासून वाचतोय. गलवानला चिनी सैन्याशी चकमक झाली, लोकांनी गच्चीवरून टीव्ही फेकले, सरकारने जूनच्या शेवटी ५९ अ‍ॅप बंद केली, आयपीएलच्या नावातली चिनी मोबाइल कंपनी त्या वर्षी गेली (आणि पुढच्या वर्षी गुपचूप परत आली, ते कोणाच्या लक्षात नाही). म्हणजे बहिष्कार जोरात झाला. आता आकडे बघा. २०१९-२० मधे आपण चीनकडून साधारण ६५ अब्ज डॉलरचा माल घेत होतो. २०२४-२५ मधे ११३ अब्ज डॉलरचा घेतला आणि त्यांना विकला फक्त १४ अब्जांचा. तूट ९९ अब्ज डॉलर. पाच वर्षं शपथा घेऊन आयात पाऊणपट वाढली.

लोक खोटारडे आहेत म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. झालं काय की त्या ११३ अब्जांत माळा, पिचकाऱ्या, गणपतीच्या मखराचं सामान हे सगळं मिळून चिमूटभर आहे. बाकी आहे ते फोनच्या आतले पार्ट, लॅपटॉप, सोलरच्या सेल, कारखान्यातल्या मशिनी, केमिकल, औषधांची पावडर. ही खरेदी तुम्ही-मी करतच नाही, ती कुठल्यातरी कंपनीचा परचेस मॅनेजर करतो आणि त्याच्या टेबलावर तिरंगी इमोजी पोचत नाही, तिथे फक्त कोटेशन पोचतं. आपण जे आयफोन अमेरिकेला विकतो आणि ज्याचं कौतुक पेपरात येतं (कौतुक बरोबरच आहे, नोकऱ्या मिळाल्यात) त्याचे कितीतरी पार्ट चीनहून येतात, म्हणजे आपली एक निर्यात वाढली की तिच्या मागे एक आयात आपसूक वाढते. ही गाठ ग्राहकाच्या पिशवीतून सुटणारी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तूट हा शब्दच असा आहे की ऐकलं की कोणीतरी आपल्याला लुटलं असं वाटतं. देशाचा पूर्ण हिशोब काढला तर २०२४-२५ मधे मालाच्या व्यापारात आपल्याला सुमारे २८३ अब्ज डॉलरची तूट आली, ऐकायला भयंकर, पण हिंजवडीपासून बेंगळुरूपर्यंत बसून जगाची सॉफ्टवेअरं आणि बॅक ऑफिस चालवणाऱ्या पोरापोरींनी सेवांच्या खात्यात १८९ अब्जांच्या आसपास शिल्लक टाकली, वर परदेशातल्या आपल्या लोकांनी घरी १३५ अब्ज पाठवले, आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत या पैशातला सगळ्यात मोठा वाटा केरळला मागे टाकून महाराष्ट्राकडे आलाय. सगळी गोळाबेरीज करून चालू खात्याची तूट जीडीपीच्या ०.६ टक्के उरते. म्हणजे घर काही बुडालेलं नाही.

आणि एकेका देशाशी तूट म्हणजे त्याने केलेली चोरी हा जो युक्तिवाद आहे ना, तो पूर्ण ताणून बघायचा असेल तर ट्रम्पसाहेबांकडे बघा. २ एप्रिल २०२५ ला तो मोठा तक्ता हातात धरून उभे राहिले, त्यात भारताच्या मालावर २६ टक्के जकात. हिशोब काय तर त्या देशाशी असलेली मालाची तूट भागिले तिथून होणारी आयात, त्याचं निम्मं. सेवा धरल्याच नाहीत. पुढे ऑगस्टच्या शेवटापर्यंत रशियन तेलाचा दंड धरून ते ५० टक्क्यांवर गेलं आणि सोलापूरच्या टॉवेलवाल्यांपासून आंध्रातल्या कोळंबीवाल्यांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. आपण अमेरिकेला २०२४-२५ मधे जेवढा माल विकला त्यापेक्षा ४१ अब्ज डॉलरचा कमी घेतला होता, हा आपला गुन्हा. तेव्हा आपण सगळे चिडलो आणि बरोबर चिडलो. पण चीनबद्दल आपल्या फॅमिली ग्रुपवर जे चालतं ते शब्दाशब्दाने तेच आहे की. चीनशी आपलं भांडण सीमेचं आहे, एकाच देशावर औषधासाठी आणि मशिनीसाठी अवलंबून राहण्याच्या धोक्याचं आहे, आणि ते खरं भांडण आहे. त्याला नुसता तुटीचा आकडा चिकटवला की ते ट्रम्पचं भांडण होतं.

आता कोणी म्हणेल स्वदेशी ही तर आपल्या मातीतली गोष्ट, टिळकांची, तू तिच्यावरच उठलास. अजिबात नाही. उलट मला वाटतं आपण ती गोष्ट अर्धीच सांगतो. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात अंगावर खादी घालून गेले, १९०५ मधे पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे गिरणी कामगार बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. हे सगळं आपण शाळेत शिकतो. जे शिकत नाही किंवा शिकून विसरतो ते १८९६ चं. तेव्हा सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना वाईट वाटू नये म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही बरोबर तेवढीच साडेतीन टक्के अबकारी बसवली. म्हणजे विचार करा, आपल्याच देशात आपल्याच कापडावर परक्याच्या मालाची बरोबरी करायला कर. तो कर जायला १९२५ साल उजाडावं लागलं.

अशा वेळी गिऱ्हाइकाच्या हातात काय उरतं? जकात नाक्याची किल्ली परक्याच्या खिशात, कायदा त्याचा, रेल्वेचं भाडं त्याचं. उरतो तो एक खिसा आणि ‘मी घेणार नाही’ हे वाक्य. स्वदेशीची सगळी ताकद त्यातून आली की बाकी सगळे दरवाजे बंद होते. बाबू गेनू ट्रकपुढे झोपला कारण त्याला जकात बदलायचं सरकारी नोटिफिकेशन काढता येत नव्हतं.

आज नोटिफिकेशन काढणारे आपलेच आहेत, आपणच मत देऊन बसवलेले. किल्ली खिशात असलेला माणूस जेव्हा रस्त्यावरच्या माणसाला सांगतो की बाबा तू दारापुढे आडवा हो, तेव्हा मला तरी प्रश्न पडतो.

हे फार हवेत वाटत असेल तर माझ्या घरचंच सांगतो. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. सख्खे काका शेती करतात, खरिपात सोयाबीन, दुसरं काही नाही. भारत खातो त्या तेलातलं अर्ध्याहून जास्त तेल बाहेरून येतं, इंडोनेशिया-मलेशियातून पाम, अर्जेंटिना-ब्राझीलमधून सोयाबीनचं, रशिया-युक्रेनमधून सूर्यफुलाचं, वर्षाला दीड कोटी टनांच्या वर. जिथे देशाला तेल कमी पडतं तिथे तेलबिया पिकवणाऱ्याची चांदी असायला हवी, साधं गणित. तर २०२४ च्या दिवाळीत काकांनी सोयाबीन लातूरच्या मोंढ्यात नेलं. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. आडत्याने मूठभर दाणे हातात घेऊन वर उडवले, एक दाताखाली धरला, म्हणाला ओलंय, ४,१००. मी फोनवर म्हणलं काका सरकारी खरेदी केंद्रावर न्या की. ते म्हणाले, ‘नेलं की. मॉइश्चर बारा टक्क्याच्या वर हाय म्हनायलेत. वाळवून नेलं तर आता बारदाना न्हाई, पोती न्हाईत म्हनायलेत. पोरीची फी भरायची हाय, बारदान्याची वाट बघत बसू का?’ नंतर निवडणुकीच्या तोंडावर ती बारा टक्क्यांची अट पंधरा झाली, तोवर काकांच्या कोठीत उंदरांपुरतं उरलं होतं.

बरं, सरकारने काही केलंच नव्हतं असंही नाही. त्याच सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून २० टक्के केली होती, मी स्वतः तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. तरी भाव का नाही चढला? कारण सोयाबीनमधे तेल १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड. सोयाबीनचा भाव ठरतो पेंडीवर, आणि पेंड जाते कोंबड्यांना. त्याच काळात मका आणि तांदळापासून इथेनॉल करायचे कारखाने जोरात आले, त्यातून जो चोथा उरतो तो पोल्ट्रीवाल्यांना स्वस्तात मिळायला लागला, पेंडीची मागणी बसली. बाहेर ब्राझीलच्या पेंडीपुढे आपली महाग. म्हणजे एका मंत्रालयाने तेलावर ड्युटी लावून शेतकऱ्याला एक हात दिला आणि दुसऱ्या मंत्रालयाच्या इथेनॉलने नकळत तो काढून घेतला. मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण कोणी एकत्र बसून बघितलं नाही एवढं नक्की. आणि पुढे काय, तर तेल महागलं म्हणून शहरात ओरड झाली, आणि ३० मे २०२५ ला, म्हणजे शेतकरी बियाण्याची बॅग उचलायला निघतो नेमका त्या आठवड्यात, ती २० टक्के ड्युटी १० वर आणली. काकांनी पेरलं. वर सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाच, त्याचं खापर मी कोणावर फोडत नाही.

यात ग्राहक कुठे आहे सांगा. तुम्ही दुकानात जाऊन स्वदेशी तेल द्या म्हणालात तर वाणी तुम्हाला पक्क्या भारतीय कंपनीची पिशवी देईल, तिच्यावर सूर्यफुलाचं चित्र असेल, गुजरातेत नाहीतर उरणजवळ रिफाइन केलेलं असेल, आणि आतलं तेल जहाजाने आलेलं असेल. पाटी खरी, पिशवी खरी, तेल परदेशी.

आणि हे कायमच असं होतं असंही नाही. १९८६ मधे तेलबियांचं मिशन काढलं होतं, बियाणं, भाव, खरेदी, प्रक्रिया सगळं एका छत्राखाली धरून, आणि आठ-दहा वर्षांत तेलबियांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं, नव्वदीच्या सुरुवातीला आयात नावापुरती उरली होती. मग १९९४ मधे पामतेल खुलं केलं, सुरुवातीला ड्युटी ६५ टक्के होती, १९९८ पर्यंत ती १५ वर आली. तेल स्वस्त झालं, भजी परवडायला लागली, गरिबाच्या पोटात चार कॅलरी जास्त गेल्या, ते मी नाकारत नाही. पामचं झाड हेक्टरी चार टनांपर्यंत तेल देतं आणि आमच्या काकांचं सोयाबीन हेक्टरी दोनशे किलोच्याही आत, सगळं तेल इथेच पिकवा म्हणणं वेडेपणाच होईल. पण निदान हा निर्णय कोणी घेतला ते तरी कबूल करा. तो निर्णय माझ्या आईने वाण्याच्या दुकानात घेतला नव्हता.

कापसाचं तर अजून ताजं. १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून स्वदेशी. चार दिवसांनी, १९ ऑगस्टपासून, परदेशी कापसावरची ११ टक्के ड्युटी शून्य. आधी सप्टेंबरअखेर म्हणाले, मग दहा दिवसांत ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे विदर्भातला कापूस घरात येऊन बाजारात जायच्या मोसमाचा मोठा भाग त्यात बसला. कारण मला कळतं, अमेरिकेच्या ५० टक्क्यांनी कापड आणि गारमेंटवाल्यांचं कंबरडं मोडलं होतं, त्यांना स्वस्त कापूस हवा होता, तिथेही लाखो लोकांच्या नोकऱ्या आहेत. सरकार चालवायचं म्हणजे असे निर्णय घ्यावेच लागतात. पण मग यवतमाळच्या कापूसवाल्याचा विचार करा जरा, त्याने ते भाषणही ऐकलं आणि ती बातमीही वाचली, एकाच आठवड्यात. लांब धाग्याचा हमीभाव ८,११०, आणि व्यापारी त्याच्या बराच खाली बोलत होता. गिऱ्हाइकाला सांगायचं देशाचं घे आणि गिरणीला सांगायचं बाहेरचं आण, हे त्याला कसं समजावणार?

पिंपरीतून कधी गेलात तर एच.ए. चं ग्राउंड लागतं, आता तिथे प्रदर्शनं भरतात, सभा होतात. एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९५४ मधे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला सरकारी कारखाना, पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. स्वतंत्र होऊन आठ वर्षं झालेल्या देशात, पिंपरीसारख्या तेव्हाच्या माळरानावर. आमच्या ओळखीचे एक आजोबा तिथे होते, अजून सांगताना त्यांचा आवाज बदलतो. नंतर चीनने इतक्या स्वस्तात पेनिसिलिनचा कच्चा माल ओतला की देशातल्या एकेकाने ते बनवणं सोडून दिलं. आज औषधांच्या कच्च्या मालाच्या आयातीत सत्तर टक्क्यांच्या आसपास चीनचं. तुम्हाला घसा धरला, डॉक्टरने गोळी लिहून दिली, केमिस्टकडे जाऊन तुम्ही काय स्वदेशी मागणार? स्ट्रिपवर भारतीय कंपनी, बद्दी नाहीतर गोव्याचा पत्ता. पावडर कुठली ते छापलेलंच नसतं. २०२४ मधे काकीनाड्याकडे पेनिसिलिन-जी पुन्हा सुरू झालं, सरकारच्या पीएलआय स्कीममधून (इथे उत्पादन केलं की सरकार पैसे देतं ती), हे खरंच चांगलं झालं, पण बघा, ते कोणाच्या शपथेने नाही झालं. सरकारने पैसे टाकले, कंपनीने जोखीम घेतली, तेव्हा झालं.

खेळण्यांचंही तेच. फेब्रुवारी २०२० मधे ड्युटी २० ची ६० केली, पुढे ७०, जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे सरकारी दर्जाचा, शिक्का सक्तीचा, आणि २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ ची खेळण्यांची आयात निम्म्याच्या खाली आली. ना कोणी पोराच्या हातातली बाहुली हिसकावली ना मेसेज फिरवले. (छोट्या कारागिरांना तो बीआयएसचा खर्च जड गेला हेही खरं, फुकट काहीच नसतं.)

तळेगावचं मला फार गमतीचं वाटतं. अंताजी दामोदर काळ्यांच्या डोक्यातून निघालेला पैसाफंड, माणशी वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि देशी उद्योग काढायचा, टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ मधे तळेगावला काचेचा कारखाना निघाला. म्हणजे होळी पेटवून घरी गेले नाहीत लोक, पैसा-पैसा जमवून भट्टी पेटवली, माणसं काम शिकून बाहेर पडली आणि ठिकठिकाणच्या काचकारखान्यांत गेली. आता त्याच तळेगावला २०२० मधे अमेरिकन मोटार कंपनीने गाशा गुंडाळला. ती जागा एका चिनी कंपनीने घ्यायची ठरली होती, गलवान झालं, परवानगी लटकली, दोन वर्षांनी व्यवहार बारगळला. देशाच्या सुरक्षेचा विचार करता बरोबरही असेल तो निर्णय, पण त्याची किंमत कोणी मोजली? दारावर बसलेल्या कामगारांनी. शेवटी कोरियन कंपनी आली आणि आता तिथून गाड्या निघतायत. ती गाडी स्वदेशी की विदेशी? पंतप्रधान स्वतः ऑगस्ट २०२५ मधे म्हणाले की पैसा कोणाचा का असेना, घाम इथला हवा. मला ही व्याख्या पटते. पण मग ती आमच्या फॅमिली ग्रुपवरही पाठवा कोणीतरी.

मग गिऱ्हाइकाने काहीच करायचं नाही का? आहे ना एक जागा, आणि तिथे सगळे चिडीचूप. सोनं. २०२४-२५ मधे आपण ५८ अब्ज डॉलरचं सोनं आणलं. चीनच्या पूर्ण तुटीच्या निम्म्याहून जास्त. कच्चं तेल तुम्ही टाळू शकत नाही, ८८ टक्के बाहेरचंच, बाइक पाण्यावर चालत नाही. औषध टाळू शकत नाही. पण सोनं न घेतल्याने कोणी मेलेलं ऐकिवात नाही आणि देशात ते जवळपास निघतच नाही, म्हणजे जवळजवळ प्रत्येक तोळा हा मुळात परदेशी माल. १९९१ मधे हेच सोनं, ४७ टन, मुंबईहून विमानात घालून लंडनला गहाण ठेवायला न्यावं लागलं होतं म्हणून आपल्याला कोण लाज वाटली होती. २०१३ मधे चिदंबरम यांनी हात जोडून सांगितलं की बाबांनो सोनं कमी घ्या, लोकांनी त्यांची टिंगल केली. जुलै २०२४ च्या बजेटमधे सोन्यावरची ड्युटी उलट १५ ची ६ टक्के केली, तस्करी थांबावी हा हेतू, तोही समजू शकतो. पण पाडव्याला सराफाच्या दुकानाबाहेर लागलेल्या रांगेला देशद्रोही म्हणायची हिंमत आहे का कोणाची? माळ घेणारा मात्र देशद्रोही, कारण माळ घेणाऱ्याला बोलायला काही खर्च येत नाही. आमच्याही घरात धनत्रयोदशीला एक ग्रॅमचं नाणं आलं, खोटं कशाला बोलू, आईने आणलं आणि मी गप्प बसलो.

मी स्वतः जमेल तेव्हा इथलं घेतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी भाचीला घेतली, महाग पडली, पण ती रंग चाटते म्हणून जास्त करून. सोलापूरची चादर घेतो कारण ती पंधरा वर्षं टिकते. माल चांगला असेल तर इथला म्हणून थोडे जास्त पैसे द्यायला माझी ना नाही आणि मला वाटतं बहुतेकांची नसते. पण महिन्याला १५ हजारात घर चालवणाऱ्या बाईला ८० आणि २२० मधला फरक हा देशभक्तीचा पेपर म्हणून देऊ नका. तिला नापास करणं फार सोपं आहे. ज्याच्याकडे ड्युटी, बियाणं, वीज, कर्ज, बंदर, बारदाना या सगळ्याच्या किल्ल्या आहेत त्याचा पेपर कोणी तपासत नाही.

दिवाळीला गावी गेलो तर काकूने चकल्या तळायला घेतल्या होत्या. कढईशेजारी तेलाचा १५ लिटरचा डबा, तालुक्याहून आणलेला, पामचा. मी म्हणलं काकू, घरात सोयाबीन पिकतं आणि तेल हे? तर म्हणे सोयाबीनचं तेल काय घाण्यावर निघतंय का, ते कारखान्यातच निघतं, आपण दाणे विकायचे आणि त्यांच्याकडून डबा घ्यायचा. मग आजीच्या वेळचं करडईचं तेल निघालं. करडई आमच्याकडे घरोघर असायची, ज्वारीत पट्टे टाकायचे, घाण्यावर काढून आणलेल्या तेलाचा वास ओसरीपर्यंत यायचा. आता काढायला मजूर येत नाहीत, काटे टोचतात, आणि मोंढ्यात नेली तर तिला विचारतं कोण. काकांनी यंदा तरी विहिरीकडच्या तुकड्यात वीस गुंठे टाकली होती, नुसती घरापुरती, काकूच्या हट्टाने. पावसाने जमीन उशिरा वाफशाला आली, उगवण विरळच झाली होती. मी बांधावर उभं राहून विचारलं जास्त का नाही टाकली, तर म्हणाले, ‘भाव सांग, टाकतो.’

मला सांगता आला नाही. संध्याकाळी तुळशीला मी नेलेली माळ लावली, चुलत भावाच्या पोरीने बटण दाबून सगळे रंग बदलून बघितले, आणि काका पायरीवर बसून आडत्याने दिलेली सोयाबीनच्या हिशोबाची पट्टी वाचत होते, हमाली किती, तोलाई किती, कटती किती.